पाठीवरचा दोस्त

पिकाचू, टूथलेस, टोटोरो, सुली... आणि आपला मुंजा! माणूस आणि मॉन्स्टर यांची दोस्ती रंगवणारे ॲनिमेशनवाले पडद्यावर नेमकं करतात तरी काय? जेऊरच्या गच्चीवर, दहा वर्षांच्या एका कडक समीक्षकासोबत घेतलेला हा शोध.

‘आत्या, हॉस्टेलवर पिकाचूला नेऊ देतात का गं?’

जेऊर स्टेशनवर उतरून मी अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि भाच्याचा पहिला प्रश्न हा! वय वर्षं दहा. जूनमध्ये पाचवीसाठी बार्शीला, हॉस्टेलवर जायचंय. एका हातात माझी सॅक, दुसऱ्या हातात एक कान उसवलेला पिवळा पिकाचू.

‘विचारू की आपण,’ मी म्हटलं.

‘नको. विचारलं की नाहीच म्हणतात.’

मुद्दा बिनतोड होता. ज्यांनी ऑफिसात कधी रजेचा अर्ज टाकलाय, त्यांना तो लगेच पटेल.

जेऊर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवरचं आमचं गाव. पुण्यात कुणाला सांगितलं की समोरून हमखास येतं, ‘अच्छा, नागराज मंजुळेंचं जेऊर!’ या खेपेला मी तिथे निघाले होते ती आंबे खायला, आणि जमलं तर एक लेख उरकायला. विषय होता ॲनिमेशनमधली माणूस आणि मॉन्स्टरची दोस्ती. लॅपटॉपमध्ये सिनेमे भरून घेतले होते. वीकेंडला बघायचे, नोट्स काढायच्या, सोमवारी लिहायचं. सिम्पल!

विषय सुचायला फार लांब जावं लागलं नव्हतं. तुमच्या ऑफिसातल्या डेस्कांवरून एकदा नजर फिरवा. कुणाच्या मॉनिटरवर टूथलेस बसलेला असतो, कुणाच्या मगवर स्टिच, कुणाच्या किल्ल्यांना पिकाचू. पगारदार, ईएमआयवाली, ॲप्रेझलनं गांजलेली आपण माणसं, आणि टेबलावर मात्र एक छोटासा राक्षस हवाच. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर शोधायला भाचा आयताच सापडला. पण त्याची एक अडचण होती. टीव्हीवर ‘मुंज्या’ पाहिल्यापासून तो आमच्या शेताच्या वाटेवरच्या पिंपळाखालून जायला तयार नव्हता. त्यापायी पार ओढ्याकडून वळसा घालून जायचा. म्हणजे एक मॉन्स्टर त्याला कुशीत हवा होता आणि दुसऱ्याच्या भीतीनं त्यानं रस्ता बदलला होता.

लाइट गेली आणि...

पहिल्या रात्री गच्चीवर सतरंजी टाकली आणि आम्ही पिकाचूपासून सुरुवात केली. पोकेमॉनची ही ॲनिमे मालिका जपानमध्ये १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झाली. त्याआधी, १९९६ मध्ये, गेम बॉयवर व्हिडिओगेम आला होता. तो बनवणारा सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडून जमवायचा. गाव वाढत गेलं, रानाच्या जागी इमारती आल्या, किडे नाहीसे झाले. आपल्याला मिळालेली ती मजा शहरातल्या मुलांना परत मिळावी, ही त्याची इच्छा. मालिकेतल्या ॲशचं मूळ जपानी नावही सातोशीच आहे!

आमच्या पिढीला पिकाचू भेटला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. चिप्सच्या पाकिटातले टॅझो आठवतायत? आणि आमच्याकडे गावात आणखी एक गोष्ट होती, लोडशेडिंग. २००५ नंतरच्या त्या दोन-चार वर्षांत ऐन मारामारीत लाइट जायची. मग पुढचा एपिसोड आम्ही भावंडं अंधारातच रचायचो. माझ्या आठवणीतल्या निम्म्या लढाया जपानमध्ये झालेल्याच नाहीत, आमच्या ओसरीवर झाल्यात.

आता इतक्या वर्षांनी पहिला एपिसोड पुन्हा पाहिला आणि चाटच पडले. मला आठवत होती फक्त दोस्ती. प्रत्यक्षात पिकाचू सुरुवातीला ॲशला जाम भाव देत नाही. शॉक देतो, पोकेबॉलमध्ये जायला नकार देतो. ॲश रबरी हातमोजे घालून त्याला दोरीनं अक्षरशः ओढत नेतो. मग ॲश चुकून एका स्पिअरो पक्ष्याला दगड मारतो आणि तो पक्षी चिडून झडप घालतो ती पिकाचूवर. पुढे अख्खा थवा मागे लागतो. पिकाचू जखमी होतो. भर पावसात ॲश त्याच्यापुढे हात पसरून उभा राहतो, मला मारा म्हणून. तेव्हा कुठे पिकाचू त्याच्या खांद्यावरून झेप घेतो आणि वीज पाडतो.

‘म्हणजे चूक ॲशची होती,’ भाचा म्हणाला.

मी वहीत पहिली नोट लिहिली : चूक माणसाची.

तोंड फिरवून पुढे केलेला हात

दुसरा नंबर ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’चा. २०१० चा ड्रीमवर्क्सचा सिनेमा. दिग्दर्शक ख्रिस सँडर्स आणि डीन डीब्लॉइस. याच जोडीनं २००२ मध्ये डिस्नेसाठी ‘लिलो अँड स्टिच’ केला होता. स्टिच आणि टूथलेस चुलतभाऊ वाटतात ते उगीच नाही. रुंद तोंड, मोठे डोळे, मांजरासारखी नखरेल चाल. स्टिचला आवाजही खुद्द सँडर्सचाच आहे. क्रेसिडा कॉवेलच्या मूळ पुस्तकात टूथलेस हा छोटासा, उद्धट ड्रॅगन आहे. सिनेमावाल्यांनी त्याला मोठा, काळा आणि दहशत वाटेल असा केला. आधी भीती वाटली नाही तर दोस्तीची किंमत काय कळणार, हे त्यामागचं साधं गणित.

इथेही चूक माणसाचीच. हिकप स्वतःच त्याला जाळं टाकून पाडतो. शेपटीचं एक पातं तुटतं आणि ड्रॅगन उडू शकत नाही. मग येतो तो प्रसिद्ध सीन. काही मिनिटं एकही संवाद नाही, नुसतं जॉन पॉवेलचं संगीत. हिकप वाळूत काठीनं चित्र काढतो. ते बघून टूथलेस एक झाडच उपटतो आणि जमिनीवर रेघोट्या ओढतो. हिकपचा पाय रेघेवर पडला की गुरगुरतो, पाय काढला की शांत. मग हिकप एकेक रेघ चुकवत, गिरक्या घेत जातो आणि कळायच्या आत त्याच्यासमोर येऊन ठेपतो. हात पुढे करतो. ड्रॅगन मागे सरतो. तेव्हा हिकप मान दुसरीकडे वळवतो, डोळे मिटतो आणि हात तसाच ठेवतो. पुढचं अंतर ड्रॅगन कापतो.

लॅपटॉप पॉझ करून मी भाच्याला विचारलं, ‘त्यानं तोंड का फिरवलं असेल रे?’

‘बघत राहिलं की कुत्रं पण येत नाही जवळ.’

संपला विषय! मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला ‘गेझ’वर चिक्कार वाचायला लावलं होतं. त्यातला निम्मा मजकूर या पोरानं एका वाक्यात उरकला. हात पुढे करणं माणसाच्या हातात आहे, जवळ यायचं की नाही ते समोरच्यानं ठरवायचं. दिग्दर्शकांनी ही गोष्ट एका शब्दाशिवाय सांगितली आहे. त्यानंतर हिकप टूथलेसला कृत्रिम पातं बनवून देतो, पण ते चालवायला पाठीवर हिकप हवाच. सिनेमाच्या शेवटी हिकपही एक पाय गमावतो. आता दोघंही एकमेकांशिवाय अपुरे.

टोटोरो बोलत का नाही?

रविवारी दुपारी उन्हानं जीव नकोसा झाला होता. पंख्याखाली पडून ‘माय नेबर टोटोरो’ लावला. हायाओ मियाझाकींचा हा सिनेमा १९८८ चा. दोन बहिणी, वडील आणि गावाकडचं जुनं घर. आई हॉस्पिटलमध्ये. मियाझाकींच्या स्वतःच्या आईलाही क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं.

टोटोरो कोण आहे, कुठून आला, काहीच कळत नाही. तो नुसता मोठ्ठा आहे. धाकटी मेई त्याच्या पोटावर झोपून जाते. पावसात बसस्टॉपवर थोरली सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते, तो बदल्यात बियांची पुरचुंडी देतो. तो मुलींना कसलाही धीर देत नाही. ‘काळजी करू नका, आई बरी होईल’ असलं तर मुळीच म्हणत नाही. त्याला बोलताच येत नाही, फक्त डरकाळी फोडता येते. तो शेजारी उभा राहतो, बस्स. घरात आजारपण असताना ज्यांना ज्यांना पाहुण्यांचे सल्ले ऐकावे लागलेत, त्यांना टोटोरोचं महत्त्व सांगायला नको.

पिक्सारच्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’नं (२००१) हीच गोष्ट उलटी फिरवली. तिथे मॉन्स्टरच माणसाच्या पोराला घाबरतात! मुलांच्या किंकाळ्यांवर त्यांच्या शहराची वीज चालते. म्हणजे घाबरवणं ही तिथली नऊ ते पाचची नोकरी, भिंतीवर टार्गेटचा बोर्डसुद्धा आहे. दिग्दर्शक पीट डॉक्टर तेव्हा नुकताच बाबा झाला होता. सुलीच्या अंगावर कॉम्प्युटरनं २३ लाखांहून जास्त केस हलवले. पण छोट्या बूचा आवाज कसा रेकॉर्ड केला माहितीये? ते पोर एका जागी बसेना, म्हणून टीममधले लोक माइक घेऊन तिच्या मागे मागे फिरले. महागातलं सॉफ्टवेअर एकीकडे आणि पोरामागे धावणं एकीकडे. बूचा जिवंतपणा या धावाधावीतून आलाय.

त्यातला एक सीन भाच्यानं दोनदा मागे घेऊन पाहिला. बॉसच्या सांगण्यावरून सुली डेमो म्हणून डरकाळी फोडतो. बू तिथेच असते, ती हादरून रडायला लागते. सुलीला समोरच्या स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो. कामावर रोज आपण कसे दिसतो ते त्याला पहिल्यांदा कळतं. (घरी येऊन लॅपटॉपवर ओरडणाऱ्यांनी हा सीन जरूर बघावा. मी पाहिला.)

वेताळ बोलतो, मुंजा मागतो

आता तुम्ही म्हणाल, जपान झालं, अमेरिका झाली, आपलं काय? आपलं तर सगळ्यात जुनं आहे. विक्रम राजा आणि वेताळ! खांद्यावर मॉन्स्टर घेऊन चालणारा हिरो आपल्याकडे पिकाचूच्या कितीतरी शतकं आधी होता. ‘चांदोबा’तलं ते चित्र आठवा. हातात तलवार, खांद्यावर प्रेत. ते काढणारे के. सी. शिवशंकरन २०२० मध्ये, ९७ व्या वर्षी गेले. १९८५ मध्ये दूरदर्शनवर अरुण गोविल आणि सज्जन यांनी तीच जोडी घराघरांत नेली.

गंमत पाहा. टूथलेस, टोटोरो यांना बोलता येत नाही आणि पिकाचूची सगळी बाराखडी स्वतःच्या नावातच संपते. आपला वेताळ मात्र बोलायचा थांबत नाही! राजानं गप्प राहायचं असतं, तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर. तरी राजा प्रत्येक वेळी परत जातो, पुन्हा उचलतो. शेवटी हाच वेताळ राजाला त्या साधूच्या कपटाची खबर देतो आणि जीव वाचवतो. एकमेकांशी एवढ्या गप्पा झाल्यावर मरू कसं देणार?

आणि मुंजा? आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ ७ जून २०२४ ला आला आणि त्यानं देशात शंभर कोटींच्या पुढे धंदा केला. ‘फास्टर फेणे’ आणि ‘झोंबिवली’ करणाऱ्या या मराठी दिग्दर्शकानं कोकणातली गोष्ट हिंदीत नेली. आणि त्यातला मुंज्या कुणा नटाला रंग फासून उभा केलेला नाही, तो अख्खा कॉम्प्युटरवर घडवलेला आहे. म्हणजे आपल्या मातीतला पहिल्या फळीचा ॲनिमेटेड मॉन्स्टर म्हणायला हरकत नाही. गोट्या नावाचा मुलगा, त्याचं वयानं मोठ्या मुन्नीवर प्रेम, मग मुंज, मग अघोरी खटपटीत मरण. कित्येक वर्षांनी तो पुण्याच्या बिट्टूच्या मानगुटीवर बसतो. मागणी एकच, मुन्नी पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे!

पिकाचू पाठीवर बसतो तोही आणि मुंज्या बसतो तोही. मग एक दोस्त आणि एक भूत कसं? हा प्रश्न वहीत लिहून मी चहाला खाली उतरले.

आई म्हणाली ते

संध्याकाळी आई, भाचा आणि मी शेताकडे निघालो. पिंपळ दिसायला लागला तसा भाचा ओढ्याकडे वळायला लागला. आईनं त्याचं मनगट धरलं.

‘कुठं निघालास?’

‘तिथं मुंजा हाय.’

‘हाय तर हाय. मुंजा काय राक्षस हाय व्हय? लेकरू हाय ते. तुझ्याएवढं.’

आमच्या घरात मुंजी होत नाहीत, पण मुंजा गावात सगळ्यांचाच. पिंपळाच्या बुंध्याशी एक शेंदूर लावलेला दगड आहे. आईनं तिथेच बसून भाच्याला मुंज म्हणजे काय ते सांगितलं. पूर्वी मुंज झाली की पोरगं शिकायला गुरूच्या घरी जायचं. घर सोडून. त्या दिवशी ते आईसोबत एका ताटात जेवतं, त्याला मातृभोजन म्हणतात. त्यानंतर झोळी घेऊन भिक्षा मागतं, आणि पहिली भिक्षा आईच घालते. शिकून झालं की सोडमुंज करायची, मग ते मोकळं. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आधीच जे पोर गेलं, ते मुंजा. ना इथलं, ना तिथलं. म्हणून बसतं झाडावर.

भाचा दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे हा पण हॉस्टेलला चालला होता?’

आई काहीच बोलली नाही. मी बोलायला गेले आणि घशात काहीतरी अडकलं. सतराव्या वर्षी याच गावातून एक सुटकेस घेऊन मी पुण्याला निघाले होते. आदल्या रात्री आईनं मला आपल्याच ताटात जेवायला घेतलं होतं. कशासाठी ते ना तिनं सांगितलं, ना मी विचारलं. स्टेशनवर ती गाडी सुटायच्या आधीच वळून चालू लागली होती. तिला माझा निरोप नकोसा झाला असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

भाच्यानं खिशातून बिस्किटाचा अर्धा पुडा काढला, त्यातली दोन दगडापाशी ठेवली आणि आमच्या आधी पुढे चालू लागला. पिंपळाखालून. जरा भराभर, पण पिंपळाखालूनच.

सोडून देणारा दोस्त

त्या रात्री लिस्टमधला शेवटचा सिनेमा बघितला. ‘डिजिमॉन ॲडव्हेंचर : लास्ट इव्होल्युशन किझुना’. १९९९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतली मुलं २०२० च्या या सिनेमात मोठी झाली आहेत. ताइची आता कॉलेज संपवायच्या बेतात आहे, पुढे काय करायचं कळत नाहीये. (ओळखीचं वाटतंय ना?) आणि तेव्हा कळतं की माणूस मोठा झाला, त्याच्यासमोरच्या वाटा ठरून गेल्या, की त्याचा डिजिमॉन साथीदार नाहीसा होतो. हातातल्या यंत्रावर उलटी मोजणीच सुरू होते. खलनायकाला हरवलं तरी ती थांबत नाही. लहानपणी ही मालिका बघणाऱ्या पोरांना, ती नोकरीला लागल्यावर, त्याच मालिकेनं सांगितलेली ही गोष्ट आहे.

ड्रॅगनच्या २०१९ च्या शेवटच्या भागातही तेच. टूथलेसला जोडीदारीण भेटते, पण हिकप पाठीवर असल्याशिवाय त्याला उडता येत नाही. तेव्हा हिकप त्याला नवी शेपटी बनवून देतो. स्वतःची गरजच पडणार नाही अशी! पोकेमॉनमध्येही ॲश अगदी सुरुवातीच्या वर्षातच आपल्या बटरफ्रीला त्याच्या थव्याबरोबर जाऊ देतो. तो एपिसोड बघून रडला नाही असा आमच्या पिढीतला माणूस मला दाखवा.

माझी वही आता भरली होती. तिन्ही देशांतले, तीन पिढ्यांतले हे लोक थोड्याफार फरकानं एकच क्रम लावतात, असं मला वाटतं. आधी भीती. मग एक चूक, तीही बहुतेकदा ताकदवानाची. मग ती निस्तरणं. मग शेजारी असणं. आणि शेवटी जाऊ देणं. हे शेवटचं ज्याला जमतं तो दोस्त. मुंज्याला तेवढंच जमत नाही. ‘सोडमुंज’ या शब्दातच ‘सोड’ आहे, आणि त्याची तीच राहिली. आपल्या डेस्कवर ते छोटे राक्षस का लागतात, तेही मग कळल्यासारखं वाटलं. आपणही कुठून तरी निघून आलेलो असतो. जाऊ दिलेलो असतो.

परतीच्या गाडीला सोडायला आई आली होती. ‘मी गेले तेव्हा तू थांबली का नव्हतीस?’ मी विचारलंच.

‘थांबले असते तर तू गेली नसतीस,’ ती म्हणाली आणि या वेळीही गाडी सुटायच्या आधीच वळली.

जूनमध्ये भाचा बार्शीला गेला. पहिल्या रविवारी हॉस्टेलवरून फोन आला. जेवण बरं आहे, पोळी जाड असते, शेजारच्या कॉटवरचा मुलगा रात्री रडतो. ‘आणि पिकाचू?’ मी विचारलं. हॉस्टेलवर चालतो की नाही ते शेवटपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

‘घरीच ठेवला. आजीपाशी.’

‘अरे, का?’

‘तिला रात्री एकटं वाटंल ना गं,’ तो म्हणाला. मग मागून कुणीतरी ‘आटप लवकर’ म्हणून ओरडलं आणि फोन बंद झाला.

चौकट : या वीकेंडला काय बघाल?

माय नेबर टोटोरो (१९८८) : पावसाळी दुपार, चहा आणि हा सिनेमा. घरात कुणी आजारी असेल तर आधी हाच.

मॉन्स्टर्स, इंक. (२००१) : टार्गेटच्या महिन्यात बघायला बेस्ट.

लिलो अँड स्टिच (२००२) : आई-वडील नसलेल्या दोन बहिणी आणि एक उपद्व्यापी पाहुणा. भावंडांसोबत बघा.

हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन (२०१०, २०१४, २०१९) : तिन्ही भाग ओळीनं. तिसऱ्याला रुमाल जवळ ठेवा.

डिजिमॉन ॲडव्हेंचर : लास्ट इव्होल्युशन किझुना (२०२०) : पहिली नोकरी लागलेल्यांसाठी.

मुंज्या (२०२४) : लहानांना एकट्यानं दाखवू नका. आणि दाखवलात तर नंतर मुंजाची खरी गोष्टही सांगा.